क्लेमेंटचा दगड

होडी कलली तेव्हा लुईझा किनाऱ्यावर तीन दगडांच्या चुलीवर राळ ढवळत होती आणि नवऱ्याशी बोलत नव्हती.

आता हे न बोलणं काही त्या सकाळचं नव्हतं. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. जेवण वाढलंय, जाळं फाटलंय, घरात तांदूळ नाहीत, एवढं ती बोलायची, तेही भिंतीला सांगितल्यासारखं. बाकी तोंडाला कुलूप. पाचूबंदरात बायका भांडल्या की अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जातं आणि संध्याकाळपर्यंत मिटतंही. लुईझाचं हे मुकं भांडण मात्र कोणालाच मिटवता आलं नव्हतं. पाद्रीबाबांनी दोनदा घरी येऊन समजावलं, त्यांनाही तिनं चहा पाजून परत पाठवलं.

भांडणाचं कारण होतं क्लेमेंट, त्यांचा थोरला मुलगा. वाऱ्यात शीड फिरवताना तो होडीवरून पडला, तेव्हा सुकाणू बापाच्या हातात होतं. पोराचं शरीरसुद्धा मिळालं नाही. वाऱ्यापुढे कोणाचं काय चालतं, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण लुईझाला एवढंच दिसत होतं की दोघं गेले आणि एकच परत आला. "माझा क्लेमेंट," असंच ती म्हणायची. डॉमनिकसमोर तर मुद्दाम म्हणायची.

त्या घराची एक जुनी रीत होती. पोराचा बाप्तिस्मा झाला की गावाजवळच्या किल्ल्याच्या पायथ्याचा एक दगड आणून होडीच्या तळात ठेवायचा. होडी फार डुलू नये म्हणून तळात दगड लागतातच, मग ते आपल्या माणसांच्या नावाचे का नकोत? थोरल्याचा दगड सगळ्यात जड. क्लेमेंटचा दगड दोन माणसांनी उचलून आणला होता आणि डॉमनिकनं त्याच्यावर छिन्नीनं क्रूस कोरला होता. क्लेमेंट गेल्यावर पुरायला काही उरलं नाही, म्हणून मेलेल्यांच्या दिवशी सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावायला जायचं तेव्हा लुईझा होडीत चढून त्या दगडावर मेणबत्ती लावायची. या वर्षीचा तो दिवस नुकताच झाला होता. दगडावरचं मेण अजून पांढरं होतं.

इंग्रज जाऊन चार वर्षं झाली होती, कार्तिकातली पुनव होती, आणि पुनवेच्या उधाणाची ओहोटी म्हणजे पाणी पार दूर गेलेलं. गावच्या साऱ्या होड्या त्या ओहोटीबरोबर बाहेर पडल्या होत्या. डॉमनिकची 'सांत अंतोन' तेवढी मागे राहिली. तळाला शेवाळ आणि शिंपले धरले होते, ते खरवडून राळ लावायची होती. अशा वेळी होडी चिखलावर एका कुशीवर कलती करतात आणि खाली लाकडी टेकू देतात. पण त्याआधी तळातले दगड काढायचे, हे शेंबडं पोरही जाणतं.

डॉमनिकनं दगड काढले नव्हते. क्लेमेंटच्या दगडाला हात लावायची त्याची छाती होत नव्हती, आणि तेवढा एक ठेवून बाकीचे काढायचे म्हणजे त्या एकाकडे बघावं लागणार. मग त्यानं होडीत डोकावलंच नाही. सरळ टेकू ठोकले.

लुईझानं ते पाहिलं. 'दगड काढा आधी,' एवढे तीन शब्द तिच्या जिभेवर आले होते. तिनं ते गिळले आणि राळ ढवळत राहिली.

टेकू मोडला असता तर आवाज तरी झाला असता. तो नुसता चिखलात बुडाला. डॉमनिक तळाचा शेवटचा भाग खरवडायला टेकूंच्या आत शिरला होता, आणि होडी त्याच्याकडे कलत कलत खाली बसली. लुईझाला त्याची हाक ऐकू आली. हाक तिच्याच नावाची होती.

ती धावली. डॉमनिक चिखलात बसला होता, कमरेवरचं अंग मोकळं, आणि उजवा पाय मांडीपासून होडीखाली. चिखल मऊ म्हणून पायाचा चुरा झाला नव्हता. पण वरून होडी आणि खालून चिखल, असा तो पक्का धरला गेला होता.

मासळीची वाट बघत बसलेल्या बायका पाट्या टाकून आल्या. दहा-बारा जणींनी खांदे लावले, होडी ढिम्म हलली नाही. वल्ह्यांच्या पहारी केल्या, तर वल्ही चिखलात रुतली. हातांनी उकरायला लागल्या, तर जेवढा काढावा तेवढा चिखल परत वाहून आला आणि वर होडी अंगठाभर आणखी बसली. डॉमनिक ओरडला, तेव्हा उकरणं थांबवलं.

"बाजारातनं मानसं आना कोनीतरी!" शेजारची आग्नेस ओरडली, आणि एक पोरगी पळत सुटली. पण सगळ्यांनी समुद्राकडे पाहिलं. लांबवर पाण्याची कड चमकायला लागली होती. भरती लागली होती.

तेवढ्यात डॉमनिकचा धाकटा भाऊ बर्नार्ड आला. तो होड्या बांधणारा सुतार, म्हणून तेवढा जमिनीवर. तो काही ओरडला नाही. आधी त्यानं पाण्याकडे पाहिलं, मग होडीच्या अंगावरच्या हिरव्या रेघेकडे.

"भावजी, काय तरी करा," लुईझा म्हणाली.

"आपुन नाय उचलू शकत वयनी. पानीच उचलेल. रोज तेच उचलतं."

"आन तवर हे बुडतील त्याचं काय?"

बर्नार्डनं एक बांबू घेतला आणि डॉमनिकजवळ चिखलात रोवला. हिरवी रेघ जिथं होती तिथं बांबूवर कोयत्यानं एक खूण केली. रिकामी होडी पाण्यात असली की पाणी त्या रेघेपर्यंत येतं, म्हणून तिथं शेवाळ धरतं. म्हणजे भरतीचं पाणी तिथवर चढलं की होडी आपोआप तरंगणार. मग त्यानं भावाला जमेल तेवढं ताठ बसायला सांगितलं आणि त्याच्या खालच्या ओठाच्या उंचीवर दुसरी खूण केली. ती पहिलीच्या खाली होती. दोन्हींच्या मध्ये त्यानं बोटं ठेवून पाहिली.

"सहा बोटं," तो म्हणाला.

सहा बोटं पाणी म्हणजे बसल्या माणसाचं तोंड आणि नाक.

बर्नार्डनं चिखलातच मोठ्यानं हिशेब मांडला. "चार पाट्या मासळी भरली की ही होडी एक बोट खाली बसते. मंग चार पाट्यांचा भार काढला की एक बोट लवकर उठेल. सहा बोटं म्हंजे चोवीस पाट्या. डोलकाठी, शीड, नांगर, जाळी, सगळं धरून सहा पाट्या. तळाचे दगड, दहा. राहिल्या आठ." तो घराघरांच्या पडव्यांकडे बघत म्हणाला, "पिंपं हायेत. रिकामं पिंप पुरतं पान्याखाली दाबलं तर त्यात मावतं तेवढ्या पान्याचा भार ते वर उचलतं. एकेक पिंप दोन पाट्या. चार पिंपं बांधा. जमतं."

लुईझानं मान हलवली. पण दगड कोणाकोणाचे ते तिला पाठ होते. दहा पाट्या भरत होत्या त्या क्लेमेंटचा दगड सोडून. बर्नार्डनं तो मोजला नव्हता. दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती काढून घेतली.

मग जी धावपळ झाली तिला तोड नाही. बायकांनी डोलकाठी आडवी करून ओढून काढली. जाळी, शीड, नांगर बाहेर गेले. लुईझा आणि आणखी दोघी होडीत चढून दगड काढायला लागल्या. तिच्या धाकट्या पोरींचे दगड, डॉमनिकचा स्वतःचा, त्याच्या बापाचा, सगळे वरच्या काठावरून पलीकडे चिखलात पडत होते. प्रत्येक धप्प आवाजाला डॉमनिक खालून मान वर करत होता. शेवटी तो ओरडला, "त्याचा नको गो! त्याचा राहू दे!"

लुईझानं उत्तर दिलं नाही. दोन वर्षांची सवय होती. पण तिनं त्याचा दगड राहू दिला.

पिंपं आली. डोल जाळ्याला बांधतात तीच, लाकडी पट्ट्यांची. बायकांनी ती होडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला भराभर बांधली. तोवर पाणी डॉमनिकच्या कमरेशी आलं होतं, गार आणि गढूळ. आग्नेस त्याच्या मागे बसून त्याची पाठ आपल्या छातीला टेकवून धरत होती.

पाणी छातीला आलं आणि पिंपं उठली. चारही पिंपं होडीपासून दीड-दोन हात लांब जाऊन लाटांवर मजेत डोलायला लागली. बर्नार्डनं कपाळावर हात मारला.

"अगो बायांनो, जाळ्याला बांधल्यागत बांधलीत! लांब दोरीनं!"

बायकांची तरी काय चूक? पिंप बांधायचं ते लांब दोरीनं, म्हणजे ते वर तरंगतं आणि जाळं कुठं आहे ते दिसतं. आईनं शिकवलं, आजीनं शिकवलं, डोळे मिटून हात तशीच गाठ मारतात. पण वर डोलणारं पिंप कवडीचाही भार उचलत नाही. ते पाण्याखाली दाबून, होडीच्या बुडाशी आखडून बांधायला हवं होतं, आणि आता पाणी आलं होतं.

रिकामं पिंप पाण्याखाली दाबून बघा कधी. ते माजलेल्या रेड्यासारखं उसळतं. एकेका पिंपावर चार-चार बायका पोटावर पडल्या, तेव्हा कुठं ते खाली गेलं. बर्नार्ड बुडी मारून दोरी आखडायचा, वर येऊन श्वास घ्यायचा, पुन्हा बुडी. एक झालं. दुसरं झालं. तिसरं हातातून निसटून वर आलं आणि एका बाईचा ओठ फुटला. तिनं रक्त थुंकलं आणि पुन्हा त्याच्यावर पडली.

चौथं बांधून झालं तेव्हा पाणी डॉमनिकच्या गळ्याशी होतं.

"आता हलवत राहा!" बर्नार्डनं सांगितलं. "चिखल तिला सोडत नाय. खाली पानी शिरायला पायजे!"

बायका दोन्ही टोकांना धरून होडी हलवायला लागल्या. कोणीतरी 'नमो मारिये'ची प्रार्थना सुरू केली आणि तिच्याच तालावर त्या ढकलत राहिल्या. होडी कुरकुरली. तिच्या पोटाखालून बुडबुडे आले.

पाणी बांबूवरच्या खालच्या खुणेला लागलं. होडी उठायला हवी होती. उठली नाही.

बर्नार्ड एकेक पिंप चाचपत फिरला. तिसऱ्यापाशी थांबला. उन्हाळाभर पडवीत वाळलेलं पिंप, त्याच्या पट्ट्यांमधल्या फटी उघडल्या होत्या. ते आतून गुडगुड आवाज करत भरत होतं.

"हे गेलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा चिखलाच्या रंगाचा झाला होता. "दोन पाट्या कमी पडल्या. अर्धं बोट."

अर्धं बोट! आग्नेसनं पपईच्या पानाचा पोकळ देठ आणवून ठेवला होता, तो तिनं डॉमनिकच्या ओठांत दिला आणि नाक दाबून धरलं. त्यानं डोकं मागं टाकलं. पाणी त्याच्या गालांवर चढलं. एक बारकी लाट आली, देठात पाणी गेलं, तो खोकला, तडफडला, पुन्हा देठ तोंडात घेतला. त्याचे डोळे उघडे होते आणि ते लुईझावर होते.

क्लेमेंटचा दगड दोन पाट्यांचा होता. लुईझाला ते माहीत होतं, बर्नार्डला माहीत होतं. कोणी तिला सांगणार नव्हतं.

एक क्षण, फक्त एकच, तिच्या मनात आलं की राहू दे. माझ्या पोराला त्यानं सोडलं, मी त्याला सोडते. फिटंफाट. तिच्या मनात हे आलं, ते खरं आहे, आणि लगेच त्याच्यामागून ते तीन गिळलेले शब्द वर आले. दगड काढा आधी. तिनं हे त्याला सकाळीच सांगितलं असतं तर तो आता होडीच्या तळाला राळ लावत असता. सुकाणू धरताना तोही असाच काही एक शब्द, एक वळण चुकला असेल. मुद्दाम कोण चुकतं?

तिनं होडीचा काठ धरला.

"वयनी, थांब!" बर्नार्ड ओरडला. "तू चढलीस तर तुझाबी भार पडेल! होडी आनखी बसेल त्याच्यावर!"

"बसू दे. मी लगेच उतरते," लुईझा म्हणाली. मग पाण्याकडे वाकून, दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघून, ती नवऱ्याशी बोलली. "अहो. श्वास धरून ठेवा. पोराला उतरवते."

ती आत चढली आणि होडी खरंच बसली. खालून डॉमनिकचा घुसमटलेला आवाज आला आणि आग्नेस किंचाळली, "देठ बुडला! देठ बुडला!"

लुईझानं दगडाला मिठी मारली. मेण तिच्या गालाला लागलं. हा दगड दोन पुरुषांनी आणला होता, पण तिनं उभा जन्म डोक्यावर पाट्या वाहिल्या होत्या. तिनं तो मांडीवर घेतला, तिथून पोटाशी, आणि मागच्या टोकाच्या उतरत्या काठावर ढकलत नेला. तो फेकायला वेळ नव्हता आणि ताकदही नव्हती. तिनं फेकला नाही. तो कवटाळून ती त्याच्यासकट पाण्यात पडली.

दोघांचा भार एकदम गेला. बर्नार्ड पुढे जन्मभर सांगायचा, होडीनं उडी मारली. उडीबिडी काही नाही, ती एखादं बोट उठली असेल. पण तेवढ्यात आग्नेसनं आणि बर्नार्डनं डॉमनिकला काखेत धरून ओढलं आणि पाय निघाला.

लुईझाला यातलं काही दिसलं नाही. ती पाण्याखाली चिखलात बसली होती आणि दगड तिच्या मांडीवर होता. त्याचा भार तिला चांगला ओळखीचा वाटला. लहान असताना झोपलं पोर असंच जड लागायचं. तिचे हात सुटत नव्हते. वरून बायकांचा कल्ला ऐकू येत होता, कोणाच्या तरी रडण्याचा, आणि मग एक खोकला. पुरुषाचा, मोठा, पाणी ओकणारा खोकला. तो खोकला तिनं वीस वर्षं रोज ऐकला होता.

तिनं हात सोडले.

डॉमनिकचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. बाजारातली माणसं पोचली ती त्याला खाटेवर घालून न्यायला तेवढी कामाला आली. संध्याकाळच्या ओहोटीला लुईझा बांबू घेऊन चिखल चाचपत फिरली. दुसऱ्या दिवशी फिरली, तिसऱ्या दिवशी आग्नेस बरोबर आली. बाकीचे दगड सगळे सापडले. क्लेमेंटचा सापडला नाही. पोराला ठेवून घेणाऱ्या समुद्रानं दगडही ठेवून घेतला. लुईझा तिथंच चिखलात बसून रडली, पोटभर, आवाज काढून, आणि घरी जाऊन डॉमनिकला सांगितलं. तोही रडला. दोन वर्षांत दोघं एका खोलीत रडले नव्हते.

नाताळ झाल्यावर 'सांत अंतोन' पुन्हा पाण्यात उतरवली. दगड जागच्या जागी ठेवले, मधली एक जागा रिकामी राहिली. बर्नार्डनं तेवढ्याच वजनाचा दगड शोधून आणला होता. "समतोल राहील वयनी," तो म्हणाला.

"नको. ती जागा त्याची हाय. तशीच राहू दे."

बर्नार्डनं दगड परत नेला. डॉमनिक काठी टेकत गुडघाभर पाण्यात आला, लुईझाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि होडीच्या अंगाकडे बघत राहिला. जुन्या हिरव्या रेघेची कड पाण्याच्या वर आली होती. पाण्याखालचं शेवाळ भिजून पुन्हा हिरवं झालं होतं, वरची पट्टी मात्र कोरडीच राहिली होती.

"अर्धं बोट," तो म्हणाला.

लुईझानं वाकून त्या कोरड्या पट्टीवर आपलं बोट आडवं धरलं. पट्टी बरोबर त्याच्या निम्मी होती.

"एवढा होता," ती म्हणाली. "आपला क्लेमेंट."

मग तिनं नवऱ्याला काठीसकट आधार देऊन होडीत चढवलं, आणि ती पट्टी पाण्यात थोडी खाली गेली.